दोनशे पंधरापासून पालखी

सर,

तुम्ही गेल्याचं शिपाई सांगत आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात कागदाची होडी शिकवत होते. खरं सांगते, आणि हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. रडू आलं, पण ते नंतर, सगळ्या होड्या पुऱ्या झाल्यावर.

शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणत होते, सुटले बिचारे. शेवटच्या महिन्यात तुम्हाला जिना चढवत नव्हता, दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती, आणि बोलल्याशिवाय तर तुमचं चालत नव्हतं. तेव्हा सुटलात हे खरंच. पण माझं हायसं वाटणं निराळं होतं. माझ्या मनात आलं, आता त्या कॅसेटबद्दल कुणी कधी विचारणार नाही. इतकी मी वाईट बाई आहे. चार वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खाल्ला, तुमच्या मंडणगडच्या काजूगरांची उसळ ओरपली, आणि मुलांच्या अकरा कार्डांतली दहा मी पुसली हे एकदाही बोलले नाही.

दवाखान्यात शेवटची भेटायला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "बाई, काही मागायचं राहिलंय का?" मला वाटलं, तापात बोलताहेत. मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा, एवढंच मागणं. तुम्ही हसलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्या हसण्याचा अर्थ मला तुमच्या शोकसभेला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळला. पण ते मागाहून सांगते. तुम्हीच म्हणायचात, पायरी गाळली की मशीन गोंधळतं.

आपल्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले तो दिवस आठवतो ना? खोकी फोडायच्या आधी हेडमास्तरांनी नारळ मागवला. तुम्ही दारात आडवे उभे राहून म्हणालात, नारळ फोडायचा तर बाहेर पायरीवर फोडा, आत पाण्याचा थेंब चालणार नाही. हेडमास्तर आठ दिवस फुरंगटले होते. मग त्या खोलीला पडदे लागले, दारात काथ्याचं पायपुसणं आलं, चपला बाहेर, किल्ली हेडमास्तरांच्या कमरेला. आत जायचं फक्त नववी-दहावीनं, तेही ओळीनं आणि हात मागं बांधून. देवळाच्या गाभाऱ्यात इतकं सोवळं नव्हतं.

आणि तुम्ही म्हणालात, चौथीच्या मुलांना शिकवणार.

हेडमास्तरांनी पोरखेळ म्हणून उडवून लावलं, तर तुम्ही म्हणालात की हो, पोरखेळच, म्हणून तर पोरांना शिकवायचा. शेवटी तडजोड झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास, अकरा मुलं, दिवाळीपर्यंत. सुटीनंतर वरचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर लहान मुलांना वेळापत्रकात कायमचा तास मिळणार, नाही पटलं तर खोलीला कुलूप. तुम्ही त्या तासासाठी जिवाचं रान केलंत, हे माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.

मला तुम्ही त्यात ओढलंत ते माझ्या ठिपक्यांच्या कागदांसाठी. मी चित्रकला आणि हस्तकलेची बाई. रांगोळीसाठी ठिपक्यांचे कागद माझ्याकडे गठ्ठ्यानं असायचे. तुम्ही म्हणालात, पडदासुद्धा असा ठिपक्यांचाच असतो बाई, फक्त तुमच्यापेक्षा बारीक. मुलांनी आधी कागदावर आकाशकंदील काढायचा, मग कुठल्या ठिपक्यापासून कुठल्या ठिपक्यापर्यंत रेघ गेली ते लिहायचं, आणि मग ते मशीनला सांगायचं. सांगताना ओळींना आकडे द्यायचे दहा, वीस, तीस असे. त्या अकरांतल्या शबानानं विचारलं होतं, एक, दोन, तीन का नाय? तुम्ही म्हणालात, "मधे पाहुणा आला तर पाट मांडायला जागा नको?" ते मुलांना जे पटलं ते पटलंच. त्या वर्षी माझ्या वर्गातसुद्धा मुलं चित्रांना दहा, वीस असे आकडे घालत होती.

पण मला सगळ्यात आठवतो तो अंगणातला खेळ. तुम्ही स्वतः मशीन झालात. मुलांनी सांगायचं तसं चालायचं. पोरं ओरडली, पुढं चला. तुम्ही निघालात. थांबा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. तुम्ही गडग्याच्या चिऱ्यांना जाऊन भिडलात आणि नाक भिंतीला लावून जागच्या जागी पाय आपटत राहिलात. पोरं हसून हसून लोळली. धोतराला माती लागलेला तुमचा तो अवतार हेडमास्तरांनी खिडकीतून पाहिला आणि खिडकी लावून घेतली. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्यानं मुलांना म्हणालात, "सांगितल्याशिवाय मशीन काही करत नाही, आणि थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही."

मग सुरू झाला आपला वाद. तुम्हाला मुलांकडून सणांची कार्डं करून घ्यायची होती, पडद्यावर हलणारी. मी म्हटलं, जे हातात धरता येत नाही ते कार्ड कसलं? कार्ड म्हणजे कुणाला तरी द्यायचं, त्यानं ते पुस्तकात ठेवायचं, वर्षानं पुस्तक उघडल्यावर ते पुन्हा सापडायचं. तुमच्या पडद्यावर वीज गेली की दिवाळी संपली. आणि रत्नागिरीत वीज जायला वारासुद्धा लागत नाही. तुम्ही म्हणायचात, तुमचं कार्ड मेलेलं असतं बाई, माझं हलतं. हा वाद आपण डब्याच्या वेळी, गॅदरिंगच्या तालमीत, भाट्याच्या सहलीत वाळूवर उभं राहूनसुद्धा केला. दोघांपैकी कुणीही एक इंच हटलं नाही.

तरी कार्डं झाली हो. त्या मशीनला मराठी अक्षर येत नव्हतं, म्हणून शुभ दीपावली लिहायचं कसं, तर लिहायचंच नाही, चित्रच बोललं पाहिजे. एकाचा आकाशकंदील उघडमिट करायचा. एकाच्या गणपतीचा उंदीर मोदकाकडे एकेक ठिपका सरकायचा. राजिवड्याच्या शबानाचा ईदचा चंद्र पाण्यातून वर यायचा, आणि तो वर आला की ती स्वतःच टाळी वाजवायची. तुम्ही ती सगळी एकामागून एक कॅसेटवर भरून ठेवलीत, आपल्या गाण्याच्या साध्या कॅसेटवर. मला तेव्हा हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, कार्डं त्या मशीनच्या पोटातच राहतात.

अकरावं कार्ड सुलूचं, शिमग्याच्या पालखीचं. चार रेघांची पालखी, तिच्याखाली दोन काड्यांची माणसं, आणि पालखी वर-खाली नाचायची. अप्रतिम नाचायची. पण थांबायची नाही. शेवटच्या ओळीत सुलूनं मशीनला परत वर पाठवलं होतं, गोटू चाळीस. गोटू म्हणजे त्या ओळीवर जा. मुलांना तो एखाद्या वर्गमित्रासारखा झाला होता. तुम्ही तिला विचारलंत, सुलू, थांबा कुठं आहे? ती म्हणाली, नाय ठेवलाय. विसरलीस काय गो? तर मान हलवून नाही म्हणाली.

"पालखी देवळात गेली की बाबा मुंबईला जातो, सर."

तुम्ही तिच्या वहीवर तांबड्या पेनानं बरोबरची खूण केलीत आणि खडू आणायला म्हणून बाहेर गेलात. खडू टेबलावरच होते.

आता माझी पायरी.

दिवाळीच्या सुटीत तुम्ही मंडणगडला गेलात. मी हेडमास्तरांना विचारून शाळेचा टेपरेकॉर्डर माहेरी नेला. भाऊ मस्कतला, भाऊबिजेला येणार नव्हता, आणि आबांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. म्हटलं, आबांचा आवाज भरून भावाला पाठवावा. आमचे आबा तरुणपणी नमन-खेळ्यात राजा व्हायचे. आवाज म्हणजे तीन वाड्यांना ऐकू जाईल असा. त्या आवाजाचं आता निम्मं उरलं होतं, तेही कधी जाईल सांगता येत नव्हतं. टेपमध्ये एक कॅसेट होती, वर काही लिहिलेलं नव्हतं. लावून पाहिली तर आत नुसती कचकच, चिरका आवाज, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मी म्हटलं, खराब झाली, आपल्या कामाची.

पण सर, मी अगदीच निर्दोष नव्हते. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक दात असतात, ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते दात तुम्ही मोडून ठेवले होते. म्हणजे कुणीतरी ही मुद्दाम जपलेली आहे, एवढं मला कळत होतं. तरी मी पिशवीतला ठिपक्यांचा कागद फाडला, त्याची घडी करून त्या खाचेत कोंबली, आणि तांबडं बटण दाबलं. आबा बोलायला लागले, मधेच दमले, पुन्हा बोलले. शेवटी म्हणाले, हा आवाज नको पाठवू पोराला, जरा बरा होतो, मग पुन्हा बोलू. मी बंद केलं. कॅसेट आत तशीच राहिली. सुटी संपली, टेप शाळेत परत गेला.

साहेब आले तो दिवस तुम्हाला सांगायला नको. अकरा मुलं तेल लावून, भांग पाडून बसलेली, मागं कुणाची आई, कुणाचा आजा. तुम्ही टेपमधून ती कॅसेट काढून सगळ्यांना दाखवलीत, यात मुलांची कार्डं आहेत म्हणालात, परत आत घातलीत, वायर मशीनला जोडलीत, आणि मी आबांना कशावर भरलं ते मला तेव्हा कळलं. वायर लावली की टेपचा आवाज बाहेर येत नाही, म्हणून खोली शांत होती. पडद्यावर मशीन आपलं शोधतंय, शोधतंय. माझे आबा त्या शांततेत भावाशी बोलत होते आणि ते फक्त मला माहीत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. शबानाचा हात टाळीसाठी अर्धा उचललेला होता, तो तिनं मांडीवर ठेवला. मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी पदराचं टोक चुरगाळत बसले.

आणि मग आबांचं बोलणं जिथं संपलं होतं तिथून पुढं, शेवटचं एकच कार्ड उरलं होतं, ते आलं. सुलूची पालखी. ती नाचायला लागली. साहेब थोडा वेळ कौतुकानं बघत राहिले, मग म्हणाले, याला शेवट नाही, ही चूक आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, "चूक नाही साहेब. मुलीनं ठरवून केलंय." साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तयारी अपुरी, असं हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. तास गेला.

मुलांनी विचारलं, आमची कार्डं कुठं गेली? तुम्ही म्हणालात, खारी हवा लागली कॅसेटला. आपल्याकडे बिजागरी गंजली तरी खारी हवा, पापड सादळले तरी खारी हवा. पोरांना लगेच पटलं. आणि मी, सर, मी मान डोलवून म्हटलं, हवाच वाईट इथली. ते वाक्य मला चार वर्षं टोचलं. पुसलं ते चुकून, पण हे मी जाणूनबुजून बोलले.

पौषात आबा गेले. भावानं मस्कतहून लिहिलं, आवाज भरणार होतीस ना? मी उलट टपाली कळवलं की नीट उठला नाही. कारण तो आवाज तुमच्या शबनम पिशवीत होता, आणि मागायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं. किती वेळा तुमच्या टेबलापाशी आले. किती वेळा खडूच घेऊन परत गेले. मग मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही ते केव्हाच पुसलं असणार. किंवा ऐकलंच नसणार, वायर तर लावलेलीच असते. असं म्हटलं की रात्री झोप लागायची.

तुम्ही मात्र हटला नाहीत. मुलांच्या वह्या होत्या, त्यांवरून दहाही कार्डं नव्यानं भरून घेतलीत, पुढच्या वर्षी साहेबांना पुन्हा बोलावलंत, आणि तास मिळवलात. पेढे मी आणले. तुम्हाला वाटलं असेल, बाई आनंदल्या. मी प्रायश्चित्त घेत होते. पुढं दर जूनमध्ये नव्या मुलांना तुम्ही पहिलं कार्ड सुलूचंच दाखवायचात, त्याच कॅसेटवरून. टेपवरच्या छोट्या आकड्यांवर डोळा ठेवून ती पुढं पळवायचात, बरोबर एका जागी थांबवायचात. मी दारातून बघायचे. ते आकडे तुम्हाला इतके पाठ कसे, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मुलांना तर्क शिकवणाऱ्या शाळेत मी नोकरी करत होते, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

पुण्यानुमोदनाला मी आले. तुमच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावलेल्या होत्या. लोक निघाले तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं. फडताळातून बिस्किटाचा डबा काढला आणि माझ्या हातात एक कॅसेट दिली. म्हणाल्या, "बाई मागतील तेव्हा द्यायची, असं बजावून ठेवलेलं. तुमी काय मागत नाय. मी किती वर्सं सांभाळू?"

मी तिथंच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले. डबीत माझ्या ठिपक्यांच्या कागदाची घडी होती, जशीच्या तशी. आणि डबीवरच्या पट्टीवर तुमचं ते वळणदार अक्षर:

शून्य ते दोनशे चौदा: बाईंचे आबा. पुसू नये.
दोनशे पंधरापासून: पालखी.

सर, तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी वायर काढून तुम्ही ऐकलं असणार, पहिल्याच मिनिटाला माझा आवाज, बोला आबा, चालू झालंय. तरी दुसऱ्या दिवशी मुलांसमोर हवेवर ढकललंत. तरी माझ्या पेढ्यांतले दोन खाल्लेत. उंबऱ्यात बसून मी इतकी रडले की वहिनींनीच मला पाणी दिलं, खरं म्हणजे मी त्यांना द्यायचं होतं. आणि रडताना छातीवरून धोंडा उतरावा तसं वाटत होतं. शिपायानं बातमी सांगितली तेव्हाचं हायसं वाटणं चोराचं होतं. हे दुसरं मात्र खरं.

पण मी तुमच्यावर रागावलेलीही आहे, तेही ऐकून घ्या. मागायची वाट बघत बसलात? मला लाज वाटू नये म्हणून? अहो, मी पण वाट बघत होते, तुम्ही विचाराल म्हणून. चार वर्षं दोन शहाणी माणसं एका टेबलावर डबा खात होती आणि मधे माझ्या बापाचा आवाज ठेवलेला होता. सांगितल्याशिवाय मशीन काही करत नाही, हे मुलांना शिकवलंत ते ठीक. तुम्ही काय मशीन होतात? दवाखान्यातसुद्धा सरळ म्हणायचं होतं, कॅसेट न्या. तिथंही काही मागायचं राहिलंय का! आता भांडायला तुम्ही समोर नाही, म्हणून एकटीच भांडतेय, आणि त्यातही मजा नाही.

आपला जुना वाद मात्र मिटला असं धरू. हातात धरता येतं, ठेवून दिलं की वर्षांनी सापडतं, आणि आत हलतंही. दोघांचंही खरं निघालं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, नाही बाई, माझंच.

काल रविवारी घरी टेप लावला. आबा म्हणाले, "गो बाय, ऐकतोय काय हा डबा? बोलू काय मी आता?" पुढचं मी लिहीत नाही, ते भावाचं आहे, कॅसेट जपून त्याच्याकडे न्यायची, ऐकवायची आणि परत आणायची असं ठरवलंय. आबा दमले, थांबले, पुन्हा बोलले. बरा होतो, मग पुन्हा बोलू, म्हणाले. मग खट् झालं आणि ती कचकच सुरू झाली, चिरकी, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, पुढं खराब झालीय वाटतं, बंद कर.

मी म्हटलं, "खराब नाही हो. पालखी आहे ती. नाचू दे."